घरचं इंटरनेट घ्यायचंय: जाहिरातीतला आकडा सोडून अजून काय काय विचारायचं?

मोगरा_पुणे

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही सिंहगड रोडला नवीन घरी जातोय. घर भाड्याचं, नेहमीसारखा अकरा महिन्यांचा करार. नवरा आठवड्यातले बरेच दिवस घरून काम करतो, मुलगी बारावीला आहे, तिचे क्लासचे तास ऑनलाइन असतात आणि सासूबाईंचा टीव्हीसुद्धा आता इंटरनेटवरच चालतो. नेट गेलं की घरातल्या चौघांचंही अडतं.

तीन पर्याय समोर आहेत. पहिला, एका मोठ्या कंपनीचं फायबर: महिना ६९९, वेग १०० एमबीपीएस, राउटर फुकट. दुसरा, सोसायटीत आधीपासून असलेला स्थानिक केबलवाला: वर्षाचे ६००० एकदम भरा, दोन महिने वर फुकट, वेग १००च, राउटरचे १५०० वेगळे. तिसरा, एअरफायबर, म्हणजे गच्चीवर डबा बसवून ५जीवरून येणारं नेट: महिना ५९९, वेग ३०, वर्षाचे एकदम भरले तर बसवायचे १००० माफ.

वरवर बघता केबलवाला स्वस्त वाटतो. पण मागच्या घरी पहिलं बिल हातात आलं तेव्हा जाहिरातीतल्या आकड्याशी त्याचा काही मेळच नव्हता, आणि कनेक्शन बंद करताना राउटरची अनामत अडकली ती अडकलीच. कुठली कंपनी चांगली हे विचारत नाहीये, ते गल्लीगणिक बदलतं. पैसे भरायच्या आधी काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं, एवढं सांगा.

रात्रपाळी

मोगराताई, आधी तिन्ही आकडे एका मापात आणू.

इंटरनेट सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे आणि जाहिरातीत तो बहुतेक वेळा धरलेला नसतो. ६९९ चे होतात ८२४.८२. ५९९ चे ७०६.८२. केबलवाल्याच्या ६००० मध्ये कर आहे का ते विचारा. नसेल तर ७०८०, वर राउटर १५००, एकूण ८५८०. चौदा महिन्यांवर वाटले तर महिना साधारण ६१३ पडतात, म्हणून तो स्वस्त दिसतो. पण तुमचा करार अकरा महिन्यांचा आहे. घरमालकाने वाढवला नाही तर तेच ८५८० अकरावर वाटायचे, म्हणजे महिना ७८०. आता मोठ्या कंपनीपेक्षा फरक उरला पंचेचाळीस रुपयांचा. फुकटचे दोन महिने कायम मुदतीच्या शेवटी येतात. तोपर्यंत त्या पत्त्यावर राहणाऱ्यालाच ते मिळतात.

एअरफायबरचंही तेच. वर्षाचे ८४८२ आधी भरायचे, अकरा महिन्यांत घर सोडलं तर महिना ७७१ पडले, आणि वेग मात्र फायबरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याने एकरकमी वर्ष भरण्याआधी दोन प्रश्न विचारायलाच हवेत. मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत का? आणि नवीन पत्त्यावर कनेक्शन हलवून देता का, त्याचा आकार किती? पहिल्याचं उत्तर बहुतेक 'नाही' येईल. दुसऱ्याचं 'हो' येईल, पण 'आमची लाइन तिथे असेल तर' हे जोडलेलं असेल.

मोगरा_पुणे

अकरा महिन्यांचा हिशेब डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद!

कोथरूडची_काकू

वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

गोदाकाठ

नाशिकहून. माझं मत स्पष्ट आहे, १०० एमबीपीएस वगैरे वाचून भुलू नका, आधी डेटाची मर्यादा विचारा. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या प्लॅनलाही मर्यादा असते. जिओ आणि एअरटेलच्या फायबरला ती महिन्याला साधारण ३३०० जीबी आहे, दिवसाला ११० जीबी. साध्या घराला ती लागत नाही. पण एअरफायबरवर तीच मर्यादा १००० जीबीच्या आसपास येते, म्हणजे दिवसाला ३३. फोर के दर्जाचा व्हिडिओ तासाला सात जीबीच्या घरात खातो. सासूबाईंचा टीव्ही तेवढ्या दर्जावर चार तास चालला तर तिथेच २८ गेले. दर्जा एचडीवर ठेवला तर तासाला तीनच्या आसपास, मग भागतं.

मर्यादा संपली की नेट बंद होत नाही, वेग पडतो, आणि मेख तिथे आहे. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, म्हणजे त्याखालच्या वेगाला ब्रॉडबँड म्हणता येत नाही. कितीवर पडणार ते विचारून ठेवा. २ वर एक व्हिडिओ कॉल कसाबसा चालतो. नवऱ्याची मीटिंग आणि मुलीचा क्लास एकाच वेळी असेल तर विसरा.

मांडवी

गोदाकाठ यांच्याशी सहमत, एक भर घालते. आम्ही पणजीत असतो, आईवडील म्हापशाच्या घरात. तिथे कॅमेरे लावलेत. कॅमेरा रात्रंदिवस क्लाउडवर चित्रण चढवत असेल आणि त्याला २ एमबीपीएस लागत असतील, तर एकच कॅमेरा दिवसाला साडेएकवीस जीबी खातो, महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. मर्यादेत अपलोडही मोजतात का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी मोजतात. कॅमेऱ्यातच मेमरी कार्ड टाकून फक्त हालचाल दिसली की चित्रण करायला लावलं तर प्रश्न मिटतो.

दुसरं म्हणजे, जुन्या पद्धतीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) असेल आणि तो बाहेरून बघायचा असेल तर विक्रेता तुम्हाला स्टॅटिक आयपी, म्हणजे कधी न बदलणारा इंटरनेट पत्ता, घ्यायला लावतो, त्याचे वेगळे पैसे. आता मिळणारे बहुतेक कॅमेरे स्वतःच्या ॲपवरून त्याशिवाय दिसतात. आधी कॅमेरावाल्याला विचारा, नेटवाल्याला नंतर.

जोडणी_मिरज

मी मिरजेत केबल आणि नेटचा व्यवसाय करतो, दुसऱ्या बाजूचंही ऐका. आमच्यासारख्याला वरच्या कंपनीला प्रत्येक कनेक्शनमागे दर महिन्याला हिस्सा द्यावा लागतो. ग्राहकाने तीन महिन्यांत सोडलं तर घरापर्यंत ओढलेली ड्रॉप वायर, जॉइंट, लाइनमनचा दिवस, सगळं अंगावर पडतं. म्हणून सहा किंवा बारा महिन्यांचे आधी घेतो. राउटरचंही तसंच. फुकट दिलेला राउटर पुष्कळदा परत येत नाही, आला तर ॲडॉप्टर नसतो.

पण प्रामाणिक माणूस हे सगळं आधी सांगतो. लाइन आणायला आला की तुम्ही त्याला हे विचारा.

घरापर्यंत फायबर येतंय का? की इमारतीच्या गच्चीवरच्या स्विचपर्यंत फायबर आणि तिथून खाली साधी लॅनची वायर? दुसऱ्या प्रकारात गच्चीवरच्या डब्याला वीज लागते. तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी जिन्यातली वीज गेली की तुमचं नेट गेलं. सरळ घरापर्यंत फायबर असेल तर मधल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणारा डबा) वीज लागत नाही. आमच्या कंट्रोल रूमला बॅटरी असते, तुमच्या घरात फक्त राउटरला वीज मिळाली की झालं. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावून टाका. आधी राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून मगच घ्या.

आणि लाइन जोडून झाली की लाइनमनला मीटर लावून रीडिंग दाखवायला सांगा. त्याच्याकडे खिशात मावणारा पॉवर मीटर असतो, फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद तो डीबीएममध्ये दाखवतो. उणे १८ ते उणे २४ च्या आत आलं तर लाइन चांगली. उणे २७ च्या पलीकडे गेलं तर आज चालेल, पण पहिल्या पावसात लाल दिवा लागेल. असं रीडिंग बहुतेक वेळा घाईत केलेल्या जॉइंटमुळे येतं, किंवा टीव्हीच्या फर्निचरमागे पिवळी वायर काटकोनात मुडपल्यामुळे. त्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा. पुढे 'तुमच्या घरातला दोष आहे, व्हिजिटचे पैसे द्या' असं कोणी म्हटलं तर तो फोटो पुढे करा.

रात्रपाळी

दादा, हे रीडिंगचं फारच कामाचं. इतके दिवस या क्षेत्रात असून ग्राहकाने ते मागावं हे कधी सुचलं नव्हतं.

राउटरबद्दल माझ्याकडून थोडं. १५०० चा राउटर घ्यायचा तर त्यात दोन गोष्टी बघा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे का? आणि मागचे लॅन पोर्ट गिगाबिटचे आहेत का? केबलवाले देतात त्या कितीतरी स्वस्त डब्यांचे पोर्ट १०० चेच असतात. तुमचा प्लॅन १०० चा आहे तोवर हरकत नाही. उद्या २०० चा घेतलात तर वायरने जोडलेल्या लॅपटॉपला ९५च्या वर काही मिळणार नाही आणि तुम्ही पैसे मात्र दुपटीचे भरत राहाल.

सिमेंटच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ लांबवर जात नाही, २.४ जास्त पोचतो पण हळू चालतो. म्हणून राउटर दाराजवळच्या कोपऱ्यात, चपलांच्या कपाटावर ठेवू नका, जिथे काम करता त्या खोलीच्या जवळ आणा. लाइन ओढतानाच लाइनमनला हे सांगितलं तर बहुतेक वेळा वेगळे पैसे लागत नाहीत, नंतर सांगितलं तर वायरचे मीटर मोजले जातात. एवढं करूनही कोपऱ्यातल्या खोलीत रेंज आली नाही तरच मेश (घरभर रेंज पोचवणारे जोडीचे राउटर) वगैरे विकत घ्या.

वेग मोजायचा तर लॅपटॉप लॅनच्या वायरने जोडून मोजा. वायफायवर मोजून भांडलात तर ते म्हणणार, तुमचं वायफाय खराब. टेस्टमध्ये आपोआप निवडलेला सर्व्हर बहुतेकदा त्याच कंपनीचा किंवा त्याच शहरातला असतो, तिथे सगळं हिरवंगार दिसतं. सर्व्हर बदलून मुंबईचा, चेन्नईचा घेऊन बघा, आणि रात्री नऊच्या सुमारास बघा. अपलोड किती ते स्वतंत्र विचारा. १०० खाली आणि १० वर असले प्लॅन असतात. मीटिंगमध्ये आपला चेहरा गोठतो तो अपलोडमुळे.

आणि हो, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. डाउनलोड होताना पडद्यावर बारा दिसतं म्हणून कंपनीने फसवलं असं होत नाही.

सातारी_कंदी

सोसायटीत ज्यांच्याकडे ते नेट आहे अशा दोन घरांची बेल वाजवून विचारा. वरचं सगळं खरं आहे, पण लाइन गेली तर लाइनमन किती वेळात येतो हे शेजाऱ्यालाच माहीत असतं.

जोडणी_मिरज

एकदम बरोबर.

वाशिष्ठी

चिपळूणहून. आमच्याकडे फायबर महावितरणच्या खांबांवरून आणि झाडांमधून येतं. जून लागला की फांदी पडते, वायर तुटते. २२ जुलै २०२१ च्या पुरात तर सगळंच गेलं होतं, तो वेगळा विषय. सांगायचं हे की कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत असं माझं ठाम मत आहे. पहिला पाऊस महिन्याच्या प्लॅनवर काढायचा, लाइन तुटल्यावर माणूस किती वेळात येतो ते बघायचं, मग दसऱ्याला वर्षाचे भरायचे. तेव्हा सवलतही असते.

पुण्यात झाडं कमी असतील पण रस्ते खणणं कमी नाही. खांबावरून आलेली वायर महापालिका कधीही उतरवते. तेवढ्या दिवसांचे पैसे बिलात वजा होतात का, की मुदत वाढवून देतात? हे लिहून घ्या. आमच्या एका ओळखीच्यांना 'दिवस वाढवून देऊ' असं फोनवर सांगितलं होतं, मुदत संपली तेव्हा त्या फोनची कुठे नोंदच नव्हती. बोलाचीच कढी.

राईनकाठ

जर्मनीहून लिहितोय. आईबाबा कोल्हापुरात एकटे असतात, त्यांचं नेट मी इथून बघतो, त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळ्या अंगाचा आहे.

त्यांना कंपनीतून फोन आला, 'काका, तुमचा वेग मोफत वाढवतोय, मेसेजमधला आकडा सांगा.' बाबांनी सांगितला. पुढच्या बिलात प्लॅन बदललेला, ओटीटीचं पॅकेज जोडलेलं. दोघं टीव्हीवर बातम्या आणि कीर्तन बघतात, त्यांना त्या पॅकेजचा काडीचा उपयोग नाही. परत जुन्या प्लॅनवर यायला 'बिलाचं चक्र संपू द्या' हे उत्तर. तो ओटीपी म्हणजे प्लॅन बदलायला दिलेली संमती होती हे बाबांना कोणी सांगितलं नव्हतं.

आता मी तीन गोष्टी करून ठेवल्यात. नोंदणीचा ईमेल माझा दिलाय, त्यामुळे प्लॅन बदलला की मला कळतं. ऑटोपे बंद केलंय. ठेवायचं असेल त्यांनी हे लक्षात ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, ती वाचा, रक्कम वेगळी दिसली तर बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधून मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, तिथेच थांबवता येतं. आणि तिसरं, फ्रिजवर कागद लावलाय: 'नेटवाल्यांचा फोन आला तर आकडा सांगायचा नाही, मला फोन करायचा.'

ओटीटी फुकट असलेल्या महागड्या प्लॅनचा हिशेब वेगळा करून बघा. प्लॅनमधून मिळणारी वर्गणी पुष्कळदा खालच्या पायरीची असते, एकाच पडद्यावर चालणारी किंवा जाहिरातींसकट. शिवाय कंपनी ती यादी मधेच बदलू शकते. जे तुम्ही तसंही विकत घेणार होतात तेवढ्याचीच किंमत धरा, बाकी शून्य.

मोगरा_पुणे

राईनकाठ, फ्रिजवरच्या कागदाची युक्ती सासूबाईंसाठी उचलतेय. त्यांनाही असले फोन येतात.

प्रश्न: केबलवाला म्हणतो रोख द्या, पावती नको, मग कर लागणार नाही, ६००० मध्येच होईल. यात काही धोका?

जुनं_एक्सचेंज

मोगराताई, धोका आहे आणि म्हणूनच लिहायला बसलोय. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजवर गेली, आधी दूरसंचार खात्यात, २००० साली बीएसएनएल झालं तेव्हापासून तिथे. तक्रारी घेण्याच्या टेबलावरही बसलो आहे, त्यामुळे कागद नसला की ग्राहकाचं काय होतं ते जवळून बघितलंय.

इंटरनेट विकायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. ए वर्गाचा परवाना देशभरासाठी, बी एका सर्कलपुरता (साधारण एका राज्याएवढं दूरसंचार क्षेत्र), सी त्याहून लहान क्षेत्रापुरता. तुमचा केबलवाला बहुतेक स्वतः परवानाधारक नसतो, कुठल्या तरी परवानाधारक कंपनीची लाइन तो घरापर्यंत पोचवतो. यात गैर काही नाही. मात्र बिल त्या परवानाधारक कंपनीच्या नावाचं आणि तुमच्या नावावर निघायला हवं, त्यावर जीएसटी क्रमांक हवा, आणि तुमचा ग्राहक क्रमांक हवा. पावती नसेल तर कंपनीच्या दप्तरी तुम्ही ग्राहकच नाही. केबलवाल्याने उद्या व्यवसाय दुसऱ्याला विकला, तर तुमचे उरलेले महिने कोण मान्य करणार? यजमान घरून काम करतात ना? त्यांचं ऑफिस इंटरनेटचा खर्च देत असेल तर तिथेही नावावरचं बिलच लागेल. कर वाचवायला १०८० रुपये कमी दिलेत आणि हे सगळं गमावलंत, तर त्याला बचत म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट. बरेच लोक मला विचारतात, ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दर ठरवून दिलेत ना? घरगुती ब्रॉडबँडचे दर ट्राय ठरवून देत नाही, ते कंपन्यांवर सोडलेले आहेत. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रारही सोडवत नाही. त्याची रीत अशी आहे की आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचं आणि डॉकेट क्रमांक घ्यायचा. क्रमांक दिला नाही तर ती तक्रार झालीच नाही असं समजा. ठरलेल्या मुदतीत सुटली नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं. त्याचं अपील फुकट असतं आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचा ईमेल द्यावा लागतो. ही दुसरी पायरी नव्वद टक्के लोकांना माहीत नसते असं मी अनुभवाने म्हणतो. एरवी दाद न देणारं ऑफिस अपील गेल्यावर हलतं.

तिथेही जमलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि शेवटी ग्राहक आयोग. पूर्वी कंपन्या म्हणायच्या की टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, तार कायद्याखाली लवादाकडे जा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात तो मुद्दा निकाली काढला, ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही.

आणखी एक. आधी कमी आकडा दाखवायचा आणि पैसे भरायच्या वेळी एकेक आकार वाढवत न्यायचा, या प्रकाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नाव घेऊन मनाई आहे. ग्राहकाला न विचारता टोपलीत जास्तीची वस्तू टाकणं आणि वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड करणं, हेही त्या तेरा प्रकारांत येतं. कंपनीच्या ॲपवर असं काही दिसलं तर पडद्याचं छायाचित्र तिथल्या तिथे घेऊन ठेवा. पान दुसऱ्या दिवशी बदललेलं असतं.

कोथरूडची_काकू

काका, अपील प्राधिकारी असतो हे आजच कळलं. आमची एक तक्रार कधीपासून तशीच पडून आहे, आजच ईमेल करते.

गोदाकाठ

रोखीच्या बाबतीत काकांशी शंभर टक्के सहमत. जोडणी दादा, तुमच्याकडे कशी पद्धत आहे?

जोडणी_मिरज

आमच्याकडे वरच्या कंपनीच्या पोर्टलवरूनच रिन्यूअल होतं, ग्राहकाच्या मोबाइलवर मेसेज जातो. रोख घेतले तरी तो मेसेज आल्याशिवाय ग्राहकाने दार लावू नये. त्यात एक गोष्ट बघा, पैसे बारा महिन्यांचे घेतलेत आणि मेसेजमध्ये मुदत एक महिन्याचीच दिसतेय का? काही ठिकाणी वर्षाचे पैसे घेऊन वरती महिन्या-महिन्याने भरतात. मधे तो माणूस अडचणीत आला की भोगतो ग्राहक. पोर्टलवर मुदत संपण्याची तारीख स्वतः बघायची. प्रत्येक कंपनीचं ॲप असतं, त्यात दिसते.

मोगरा_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलंत त्यावरून एकच मेसेज तयार केला आणि तिघांनाही व्हॉट्सॅपवर पाठवला. तो असा, कोणाला हवा तर उचला:

'नमस्कार. कृपया लेखी कळवा. करासकट महिन्याची आणि पहिल्या दिवशी भरायची एकूण रक्कम किती? त्यात बसवण्याचा आकार, राउटर, अनामत किती? राउटर कोणाच्या मालकीचा आणि सोडताना अनामत किती दिवसांत परत? डेटाची मर्यादा किती, अपलोड धरून का, संपल्यावर वेग किती? अपलोडचा वेग किती? सुरुवातीचा दर किती महिने राहील आणि नंतर किती होईल? मुदतीआधी बंद केलं किंवा घर बदललं तर काय? लाइन सलग बंद राहिली तर ते दिवस कसे भरून देता? बिल कोणत्या कंपनीच्या नावाने आणि माझ्या नावावर मिळेल का?'

मोठ्या कंपनीच्या मुलाने सुरुवातीला 'मॅडम, सगळं ॲपमध्ये आहे' एवढंच लिहिलं. पुन्हा विचारल्यावर एकेकाचं उत्तर दिलं आणि त्यात कळलं की ६९९ हा दर सहा महिन्यांचे एकदम भरले तरच आहे, महिन्या-महिन्याने घेतलं तर १०० रुपये जास्त. जाहिरातीत हे तळाला बारीक अक्षरांत होतं. एअरफायबरवाल्याने फोन केला, लेखी काही दिलं नाही, तो पर्याय मी सोडला. केबलवाल्याने संध्याकाळी घरी येऊन बोलतो म्हटलं. आला, आणि खरं सांगते, माणूस चांगला वाटला. मी म्हटलं वर्षाचं नको, तीन महिन्यांचं द्या, बिल माझ्या नावावर द्या, राउटर माझा मी आणते. थोडा विचार करून हो म्हणाला. तीन महिन्यांचे करासकट १९४७.

सातारी_कंदी

महिना ६४९. अकरा महिन्यांच्या घराला उत्तम.

रात्रपाळी

ताई, राउटर स्वतःचा आणताय तर एक गोष्ट आत्ताच विचारून घ्या. फायबर थेट ज्याला लागतं तो ओएनटीचा डबा तो देणार आहे ना? बाजारातला साधा वायफाय राउटर त्या डब्याच्या मागे लागतो, फायबरची वायर त्यात जात नाही. बहुतेक केबलवाले ओएनटी अनामतीवर देतात. आणि त्याला सांगा की जोडणीचं यूजरनेम-पासवर्ड मला लिहून द्या, म्हणजे राउटर रीसेट झाला तर त्याच्या माणसाची वाट बघत बसावं लागणार नाही.

मोगरा_पुणे

विचारलं. ओएनटी त्याचा, ७०० रुपये अनामत, सोडताना परत. यूजरनेम-पासवर्ड देतो म्हणाला.

जुनं_एक्सचेंज

छान. त्या ७०० ची पावती वेगळी मागा, बिलात एकत्र घालू देऊ नका. आणि पावतीवर ओएनटीचा सिरियल नंबर लिहून घ्या, डब्याच्या खाली चिकटवलेला असतो. ॲडॉप्टरसकट दिला असंही लिहा. सोडताना डबा परत केलात की त्याच नंबरची पोच सही घेऊनच लाइनमनला जाऊ द्या.